आयपीएल केलं, काही आठवडे बरं वाटलं, पुन्हा डोळे चुरचुरायला लागले: नेमकं कुठे अडतंय?

तक्रार साधारण अशी असते. पापणीच्या तेलग्रंथी तुंबल्यात असं निदान झालं, नुसत्या ड्रॉप्सनी भागेना म्हणून आयपीएलच्या (इन्टेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर दिव्याने दिलेले तीव्र प्रकाशाचे झोत) तीन-चार सिटिंग घेतल्या, मधे काही आठवडे डोळे हलके वाटले. मग संध्याकाळची चुरचुर परत आली, सकाळी पापणीच्या कडेला फेस दिसू लागला, वाचताना अक्षरं धूसर व्हायची आणि पापणी लवली की स्वच्छ दिसायची. क्लिनिकमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अजून दोन सिटिंग करून बघू." कधी ते बरोबरही असतं. पण अडचण दिव्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या कामात असेल, तर वाढवलेल्या सिटिंगमध्ये पैसे जातात आणि त्वचेला उगाच धोका होतो.

खालची मांडणी एकाच प्रश्नावर केली आहे: बरं वाटणं किती दिवस टिकलं? कारण शोधायला यापेक्षा स्वस्त चाचणी नाही.

दिवा काय करतो आणि काय करत नाही

आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. झेनॉन दिव्याचा साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा झोत असतो, आणि त्यातल्या कमी तरंगलांबीचा भाग फिल्टरने कापलेला असतो. डोळ्यांच्या कामात ५९० नॅनोमीटरचा फिल्टर जास्त वापरात आहे. डोळे पूर्ण झाकलेले असतात. झोत एका कानासमोरून गालावर, खालच्या पापणीच्या लगत, नाकावरून पलीकडच्या कानापर्यंत ओळीने दिला जातो, बहुधा दोन फेऱ्यांत. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेतं, पापणीजवळ फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या तापून बंद होतात आणि त्यांच्यावाटे ग्रंथींकडे सतत येणारा दाह कमी होतो. थोडी ऊब तेलालाही मिळते. मेम्फिसचे नेत्रतज्ज्ञ रोलांडो टोयोस यांच्या हे लक्षात आलं ते रोझेशियाच्या (चेहरा लाल होण्याचा त्वचाविकार) रुग्णांमुळे: चेहऱ्यासाठी आयपीएल घेतलेल्यांचे डोळेही सुधारत होते.

ग्रंथीत आधीच साचून घट्ट झालेलं तेल मात्र दिवा बाहेर काढत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये या कामासाठी आयपीएल यंत्राला मंजुरी दिली, तीही पूरक उपचार म्हणून. ग्रंथी पिळणं, कृत्रिम अश्रू आणि गरम शेक यांच्या जोडीने वापरायचा, असं मंजुरीतच लिहिलेलं आहे. कॉक्रेन या उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या फक्त ३ चाचण्या सापडल्या आणि निष्कर्ष सावध होता. त्यानंतर बरंच काम झालं आहे, पण "चार सिटिंगमध्ये कायमचा इलाज" अशी जाहिरात दिसली तर तिथून निघालेलं बरं.

पहिल्यापासूनच काही फरक नाही

तीन सिटिंग होऊनही तसूभर फरक नसेल तर चौथी घेण्याआधी निदान पुन्हा तपासा. कोरडे डोळे म्हणजे तेलग्रंथी तुंबलेल्या, असं समीकरण मांडायची घाई फार होते.

अश्रूतलं पाणीच कमी असेल तर तेल सुधारून काय होणार? शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटरसुद्धा ओली होत नसेल, तोंड इतकं कोरडं पडत असेल की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सांधे धरत असतील, तर शोग्रेन आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते) रक्ततपासण्या आधी करून घ्या. काचबिंदूचे ड्रॉप्स वर्षानुवर्षं चालू असतील तर बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नाव शोधा. हे परिरक्षक रोज दोन-तीनदा डोळ्यात गेलं तर पृष्ठभाग खराब होतोच. परिरक्षकाशिवायचे ड्रॉप्स चालतील का ते डॉक्टरांना विचारा, पण काचबिंदूचे ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी काही जागा तपासायच्या. झोपेत पापण्या अर्धवट उघड्या राहतात का, हे घरच्यांना बघायला सांगा. त्यात वर पंखा थेट तोंडावर सोडलेला असेल तर सकाळचं टोचणं त्याचंच. खाज हीच मुख्य तक्रार असेल आणि डोळे चोळल्याशिवाय राहवत नसेल तर ॲलर्जीकडे बघा. बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढऱ्यावरचा पातळ पडदा सैल होऊन घडी पडली असेल, तर अश्रू नीट पसरत नाहीत आणि डोळा कोरडा असूनही पाणी गळत राहतं. आणि एक चाचणी क्लिनिकमध्ये अर्ध्या मिनिटात होते, तरी सहसा राहून जाते: बधिर करणाऱ्या ड्रॉपचा एक थेंब घालून विचारायचं, दुखणं गेलं का? थेंबानंतरही जळजळ तशीच असेल तर ती निदान काही अंशी मज्जातंतूंची आहे, आणि पापणीवर कितीही काम केलं तरी ती हटणार नाही. हा थेंब फक्त तपासणीपुरता. घरी वापरला तर बुबुळाला जखम होते.

शेवटी मेइबोग्राफी. इन्फ्रारेड फोटोत पापणीतल्या ग्रंथी उभ्या पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. किती भाग गळून गेला यावर ० ते ३ अशी श्रेणी देतात. दोनतृतीयांशाहून जास्त गेला असेल तर श्रेणी ३. ज्या ग्रंथी उरल्याच नाहीत त्यांना दिवा परत आणील यावर विसंबू नका. इथे उद्दिष्ट उरलेल्या ग्रंथी वाचवण्याचं असतं, आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेतलेल्या तरुणांमध्येही ग्रंथी आखडलेल्या सापडतात, म्हणून त्या गोळ्यांचा इतिहास सांगायला विसरू नका.

दोन-चार दिवस बरं, मग पुन्हा तेच

इथे पहिला संशय घ्यायचा तो ग्रंथी न पिळल्याचा. सिटिंग दहा मिनिटांत उरकली, जेल पुसलं आणि घरी पाठवलं, तर अर्धंच काम झालं.

झोत देऊन झाल्यावर त्याच बैठकीत, डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून, खास चिमट्याने किंवा बोथट पट्टी आणि कापसाची काडी यांच्यामध्ये पापणी धरून ग्रंथी पिळायच्या असतात. नाकाकडून कानाकडे थोडं थोडं सरकत, खालची पापणी पूर्ण आणि वरचीही. वरची सुटते ती नेहमीची चूक, कारण ती उलटवून धरायला वेळ लागतो आणि रुग्ण चुळबुळतो. सूक्ष्मदर्शीखाली बघताना काय बाहेर येतं ते लिहून ठेवायचं: स्वच्छ तेल असेल तर ०, गढूळ असेल तर १, गढुळात कण असतील तर २, टूथपेस्टसारखी जाड वळी आली तर ३. काही ग्रंथींच्या तोंडांतून काहीच येत नाही. तीही नोंद हवी, कारण पुढच्या खेपेला तिथून थोडं जरी गढूळ तेल आलं तरी ती प्रगती असते.

हे दुखतं. कोणी "अजिबात दुखत नाही" म्हणत असेल तर बहुधा पुरेसं पिळलेलं नसतं. पण पहिल्याच दिवशी सगळं काढायच्या नादात पापणी काळीनिळी करणंही चूक. घट्ट बुजलेल्या ग्रंथी दोन-तीन बैठकींत हळूहळू मोकळ्या होतात.

ग्रंथीची तोंडंच कातडीच्या पातळ थराने बंद झाली असतील, तर पिळूनही काही येत नाही. आधी पापणीच्या कडेवरचा तो मृत थर बोथट हत्याराने खरवडून काढावा लागतो. काजळ किंवा आयलायनर पापणीच्या आतल्या कडेवर, म्हणजे थेट या तोंडांवर रोज ओढलं जात असेल तर थर पुन्हा जमणारच. काजळ सोडवत नसेल तर निदान केसांच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि रात्री पूर्ण उतरवून झोपा.

तीन-चार आठवडे बरं, मग हळूहळू घसरण

दिवा लागू पडतोय, पण परिणाम उथळ आहे, असा याचा अर्थ. दोन सिटिंगमधलं अंतर आधी बघा. प्रचलित पद्धतीत ३-४ सिटिंग असतात आणि मधे २ ते ४ आठवडे. "वेळ मिळेल तसं" करत दोन-दोन महिन्यांनी घेतलेल्या सिटिंग एकमेकींवर भर टाकत नाहीत.

मग ऊर्जा. प्रसिद्ध झालेल्या पद्धतींत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १६ जूल, तीही उजळ त्वचेला जास्त आणि सावळ्या त्वचेला कमी, असं धोरण असतं. आपल्याकडची गोम इथेच आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

त्वचेतलं मेलॅनिनही हाच प्रकाश शोषतं. त्वचा जितकी सावळी तितकी जास्त ऊर्जा वरच्या थरातच उष्णता होऊन अडकते आणि खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत कमी पोचते. त्वचेचे उजळ ते गडद असे सहा प्रकार पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीत आपली बरीच माणसं ४ आणि ५ मध्ये मोडतात. एफडीएची २०२१ ची मंजुरी १ ते ४ प्रकारांपुरतीच आहे. म्हणजे ५ व्या प्रकारच्या त्वचेवर आयपीएल होत असेल तर ते मंजुरीच्या चौकटीबाहेर, करणाऱ्याच्या अनुभवावर चाललेलं असतं. ते करूच नये असं नाही, पण रुग्णाला हे आधी सांगायला हवं.

आता नेहमीची चूक. सावळ्या त्वचेवर ऊर्जा कमी ठेवली, परिणाम कमी मिळाला, म्हणून पुढच्या खेपेला ऊर्जा वाढवली, आणि गालावर यंत्राच्या झोत सोडणाऱ्या काचेच्या खिडकीच्या आकाराचे चौकोनी डाग उमटले. डोळ्याची तक्रार होती तिथेच राहिली आणि वर डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे खेपा सुरू झाल्या. आमच्या मते क्रम उलटा हवा: ऊर्जा सगळ्यांत शेवटी. आधी अंतर २ आठवड्यांवर आणा, पिळणं नीट करा, दाहासाठी औषध जोडा, डेमोडेक्स (पापणीच्या केसांतला सूक्ष्म किडा, त्याबद्दल पुढे) तपासा. तेवढ्यावरही अडलं तर जास्त तरंगलांबीचा फिल्टर आणि दोन स्पंदांमधली जास्त विश्रांती यांचा विचार करा. एकच झोत काही मिलिसेकंदांच्या दोन-तीन तुकड्यांत दिला की वरची त्वचा मधे निवते.

चाचणीचा झोत कानासमोर, केस नसलेल्या जागी द्यायचा आणि निदान एक-दोन दिवस थांबून त्वचा बघायची. सावळ्या त्वचेवरची खूण लगेच दिसत नाही, त्यामुळे चाचणीनंतर पाच मिनिटांत सिटिंग सुरू करणं म्हणजे चाचणी न करणंच. अपेक्षित परिणाम म्हणजे थोडी लाली आणि ऊब, जी काही तासांत जाते. त्वचा करडी किंवा पांढरी पडली, किंवा रुग्ण म्हणाला "चटका बसला", तर तिथेच थांबायचं.

जेल कंजूषपणे लावलं तरी चटका बसतो. गार जेलचा २-३ मिलिमीटर जाड थर हवा, मधे हवेचे बुडबुडे नकोत, आणि नाकाच्या बाजूच्या खाचेत तो जास्त भरावा लागतो, कारण खिडकीची सपाट कड तिथे उचलली जाते. खिडकीच्या काचेवर जळालेल्या केसाचा काळा ठिपका चिकटला असेल तर प्रत्येक झोताला तिथेच भाजतं, म्हणून फेऱ्यांमध्ये काच पुसायची.

डोळ्यांवरची ढालही नीट बघा. ढाल खाली सरकली तर झोत पापणीच्या कडेपासून लांब, नुसत्या गालावर पडतो. रुग्णाला काही कळत नाही आणि परिणाम निम्मा होतो. ती वर सरकली तर मात्र धोका मोठा. बुबुळामागच्या रंगीत पडद्यातही मेलॅनिन असतं, आणि नीट न झाकलेल्या डोळ्याजवळ आयपीएल केल्याने तो पडदा कायमचा झिजल्याची, बाहुलीचा आकार बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. वरच्या पापणीवर थेट झोत द्यायचा असेल तर बुबुळावर बसणारी धातूची ढाल आत घालावी लागते. ते काम नेत्रतज्ज्ञाचंच. ब्यूटी पार्लरमधल्या केस काढायच्या मशीनवर "डोळ्यांखालीही मारून देतो" असं कुणी म्हणालं तर उठून यावं.

आयपीएलच्या आधी काय सांगायचं आणि काय काढायचं, हे फॉर्मवर बारीक अक्षरात असतं आणि सहीच्या घाईत राहून जातं. डॉक्सिसायक्लिन चालू आहे का? हीच गोळी पापणीच्या दाहासाठी दिली जाते आणि हीच त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करते. सिटिंगच्या किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आयसोट्रेटिनोइन बंद होऊन साधारण सहा महिने झालेले असावेत असा संकेत आहे. ल्युपस, गरोदरपण, झगमगत्या प्रकाशाने येणारी फिट, चेहऱ्यावर सध्या उठलेली नागीण: यांत आयपीएल नको. गालावर किंवा कपाळाच्या कडेला गोंदण असेल तर ते ठळक सांगा. जुन्या पिढीतल्या बायकांच्या चेहऱ्यावरची हिरवी गोंदणं झोताच्या वाटेत आली तर शाई तापून भाजतं. कायमस्वरूपी आयलायनरचंही तेच. चमकी काढून ठेवा. पुरुषांनी कल्ल्यांचा विचार आधीच करावा, कारण झोत केसांची मुळंही मारतो आणि कानासमोरचे कल्ले विरळ होऊ शकतात. ते झाकायचे की तिथून झोत आत सरकवायचा, हे आधी ठरवा.

उन्हाबद्दल: सिटिंगच्या आधी आणि नंतर काही आठवडे गाल रापलेला नको. कोकणातून किंवा ट्रेकवरून परतल्याच्या आठवड्यात सिटिंग पुढे ढकला. दुचाकीवरून उन्हात जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी आणि ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावावं. ब्लीच, फेशियल, रेटिनॉलचं क्रीम आठवडाभर आधीपासून बंद. घरात लग्न असेल तर सिटिंग त्याच्या तोंडावर घेऊ नका. डाग पडला तर तो महिनोन्महिने राहू शकतो.

भाजलंच तर गार पाण्याची घडी ठेवा, फोड फोडू नका, वर टूथपेस्ट किंवा हळद थापू नका, आणि त्याच दिवशी क्लिनिकला फोटो पाठवा.

डेमोडेक्स राहून गेला असेल तर

पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारा हा सूक्ष्म किडा अनेकांच्या पापण्यांवर असतो. तो वाढला की ग्रंथींना त्रास. ओळखायची खूण एकच आणि पक्की: रुग्णाला खाली बघायला सांगून वरच्या पापणीच्या केसांची मुळं बघायची. केसाभोवती नळीसारखा चिकटलेला मेणचट कोंडा दिसला तर डेमोडेक्स समजा. आयपीएलने तो कमी होतो, पण उरलेली अंडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पिढी उभी करतात. आणि "तीन आठवडे बरं" हा हिशेब नेमका तिथेच जुळतो.

टी ट्री तेलातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक असलेले तयार वाइप्स रोज रात्री, निदान सहा आठवडे वापरा. चारच दिवसांत चुरचुरतं म्हणून सोडून देणं हेच परत येण्याचं कारण. दुकानातलं शुद्ध टी ट्री तेल मात्र घरी पापणीला लावू नका. त्याने बुबुळ भाजतं. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवा, डोळ्यांचा जुना मेकअप टाकून द्या. पती-पत्नीपैकी एकाचा उपचार चालू आणि दुसऱ्याच्या पापण्यांवर तसाच कोंडा, असं असेल तर दोघांनीही वाइप्स घ्यावेत.

शेक: करताय, पण पोचतोय का?

रोज शेक घेतो असं सगळेच म्हणतात. त्यातले बरेच जण गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं डोळ्यांवर ठेवतात. ओला रुमाल मिनिटा-दोन मिनिटांत निवतो. घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीच्या आतल्या बाजूला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान हवं. म्हणजे बाहेर साधारण ४२ ते ४५ अंश, आणि तेही सलग ८-१० मिनिटं. ४५ च्या वर जाऊ नका.

घरात जमणारी सोपी रीत: चार-पाच छोटे रुमाल ओले करून एकात एक गुंडाळा आणि मायक्रोवेव्हमध्ये किंवा वाफेवर एकत्र गरम करा. बाहेरचा निवला की आतला काढा, दर दोन मिनिटांनी बदला. तव्यावर तापवलेल्या घडीचा भरवसा नाही; कुठे चटका बसतो, कुठे कोमटच राहते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. मण्यांचे मायक्रोवेव्ह मास्क चांगले, पण बनवणाऱ्याने दिलेले सेकंद पाळा.

शेक झाल्याबरोबर, तेल पातळ आहे तोवर, बोटाच्या पेराने वरची पापणी खाली आणि खालची वर, केसांच्या कडेच्या दिशेने हलकेच ओढा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नका. गरम असताना बुबुळ दाबलं गेलं तर काही वेळ धूसर दिसतं, आणि केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) असलेल्यांनी तर मालीश डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. सिटिंगच्या दिवशी आणि त्वचा लाल असेपर्यंत शेक बंद.

ग्रंथीतलं तेल बाहेर ढकलतो तो पापणीचा पूर्ण झटका. स्क्रीनसमोर पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं आणि उरलेल्यांतल्याही बऱ्याच अर्धवट लवतात. त्यामुळे आयपीएल घेऊन दिवसाला दहा तास एसीच्या झोतासमोर न लवता बसणाऱ्याचे डोळे परत बिघडणारच. दर वीस मिनिटांनी पापण्या पूर्ण मिटा, दोन सेकंद थांबा, हलकेच आवळा, उघडा. असं पाच वेळा. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवला तर उघडा भाग कमी राहतो. एसीची पट्टी तोंडावरून वळवा.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बऱ्याच जणांना लिहून दिलेल्या असतात. २०१८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणारे यांच्यात वर्षाअखेर म्हणावा असा फरक निघाला नाही. खर्च कमी करायचा असेल तर इथून सुरुवात करा.

लाल प्रकाशाचा मास्क हे वेगळं प्रकरण

क्लिनिकमध्ये पापण्या मिटवून १५ मिनिटं लाल एलईडीचा मास्क लावतात, त्याला कमी तीव्रतेची प्रकाशचिकित्सा म्हणतात. यात साधारण ६३३ नॅनोमीटरचा सततचा प्रकाश असतो. झटका नाही, जेल नाही. मेलॅनिनचा अडथळा इथे तितका नडत नाही, म्हणून ५ व्या-६ व्या प्रकारच्या त्वचेसाठी हा पर्याय आधी विचारात घ्यावा. वारंवार रांजणवाडी होणाऱ्यांसाठीही तो वापरतात. काही ठिकाणी आयपीएल आणि मास्क एकाच बैठकीत देतात. बिलावर "लाइट थेरपी" एवढंच लिहिलं असेल तर नेमकं काय झालं ते विचारा, कारण दोन्हींचे धोके आणि परत येण्याची कारणं वेगळी आहेत. चेहरा उजळायला मिळणारे ऑनलाइन एलईडी मुखवटे हे त्याचं घरगुती रूप नव्हे.

सहा महिने ते वर्षभर बरं राहिलं असेल

मग हे अपयश नाही. आजार जुनाट आहे. ६ ते १२ महिन्यांनी एक सिटिंग आणि ग्रंथी पिळणं, एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. पुन्हा चारची माळ लावायची गरज सहसा नसते.

पुढच्या भेटीत फाइलमध्ये काय असावं

प्रत्येक सिटिंगची ऊर्जा, फिल्टर, झोतांची संख्या आणि फेऱ्या, तुमच्या त्वचेचा प्रकार, वरच्या-खालच्या दोन्ही पापण्या पिळल्या की नाही आणि काय बाहेर आलं. हे लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. क्लिनिक बदललं तर याच्याशिवाय नवा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. सोबत ओएसडीआय या कोरड्या डोळ्यांचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीचे गुण घ्या: १२ प्रश्न, ० ते १०० गुण, १३ पासून पुढे आजार, ३३ पासून पुढे तीव्र. अश्रूंचा थर फुटायला लागणारा वेळ १० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे कमीच. ५ च्या आत असेल तर अस्थिरता ठळक. मोजणीच्या आधी दोन तास ड्रॉप घालू नका आणि ग्रंथी पिळल्यावर लगेच मोजू नका, नाहीतर आकडे फसवतात. "बरं वाटतंय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सिटिंग ठरवण्यापेक्षा या आकड्यांवर ठरवा.

थांबू नका, लगेच दाखवा

सिटिंगनंतर एक-दोन दिवसांत डोळा दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, बाहुली वेडीवाकडी दिसणं: यांतलं काहीही झालं तर तो कोरडेपणा नाही. आतल्या भागाला सूज आलेली असू शकते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र) बघायला हवं.

दुसरं, पन्नाशी-साठीपुढच्या माणसाला एकाच पापणीवर, त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले केस झडत असतील, किंवा एकाच डोळ्याची पापणी महिनोन्महिने सुजलेली असेल, तर तिला रांजणवाडी समजून शेकत बसू नका. तेलग्रंथींचा कर्करोग असाच वेष घेऊन येतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. अशा गाठीवर आयपीएल करायचं नाही; आधी तिचा तुकडा बायोप्सीला पाठवायचा.